आधी उंबरठा, मग इंजिन: जुनी एमजीबी जीटी विकत घेताना

गाडी बघायला निघताना मी पिशवीत तीन वस्तू टाकते. फ्रिजच्या दाराला लावतात तसलं चपटं लोहचुंबक, लाकडी मुठीचा टोचा आणि एक जुनी चादर. चादर अंगाखाली घ्यायला लागते, कारण जुनी ब्रिटिश जीटी, म्हणजे लांब पल्ल्याची ग्रँड टूरर, विकत घ्यायची तर पहिला अर्धा तास पाठीवर पडून गाडीखाली काढायचा. तोवर बॉनेट उघडायचं नाही, सेल्फ मारायचा नाही आणि सीटवर तर बसायचंच नाही. तारांच्या आऱ्यांचं ते मोठं स्टिअरिंग एकदा हातात आलं की आपण गाडीची बाजू घेऊन स्वतःशीच भांडायला लागतो. माझं तसं झालेलं आहे. त्याचे पैसे आणि चार वर्षं मी भरली आहेत, ते पुढे सांगते.

माझे बाबा बडोद्यात प्रतापनगरच्या पुलाजवळ अँबेसिडर टॅक्सींचं काम करायचे. शाळा सुटली की दांडिया बाजारातल्या वाड्यात दप्तर टाकून मी थेट गॅरेजवर. पुढे कलाभवनात मेकॅनिकल शिकले आणि मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये सत्तावीस वर्षं काढली. स्वतःच्या दोन आणि ओळखीच्या लोकांच्या चार-पाच ब्रिटिश गाड्या या हातांनी उघडल्या-जोडल्या. बडोद्यात असं काही घ्यायचं म्हटलं की लोक माझ्याकडे येतात, आणि बहुतेक सगळे येतात ते गाडी घेऊन झाल्यावर. म्हणून हे लिहिते आहे, घेण्याआधी वाचण्यासाठी.

लिहिते आहे ते एमजीबी जीटीबद्दल, कारण मला आतून माहीत आहे ती हीच. उघड्या टपाची एमजीबी १९६२ साली ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून निघाली. १९६५च्या ऑक्टोबरात तिला पक्कं छप्पर आणि मागे वर उघडणारं काचेचं दार मिळालं, आणि त्या छपराच्या आखणीत इटलीच्या पिनिनफरिना या डिझाइन कंपनीचा हात होता. १७९८ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, दोन एसयू कार्बोरेटर, ताकद सुमारे ९५ हॉर्सपॉवर. १९८० साली उत्पादन थांबलं तोवर उघड्या आणि बंद मिळून पाच लाखांहून जास्त गाड्या बनल्या होत्या. जॅग्वार किंवा ॲस्टन मार्टिनचा थाट हिला नाही. पण दोन माणसं, मागे सामान आणि लांबचा रस्ता, एवढ्यासाठीच जीटी असते आणि ते काम ही चोख करते.

आपल्याकडच्या माणसाला हिच्यात एक मोठा आधार आहे. अँबेसिडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन आणि हिचं १७९८ सीसीचं, दोन्ही बीएमसी या ब्रिटिश कंपनीच्या एकाच बी-सिरीज घराण्यातली. पहिल्यांदा एमजीबीचं रॉकर कव्हर, म्हणजे इंजिनच्या डोक्यावरचं झाकण, उघडलं तेव्हा मला बाबांच्या गॅरेजमध्येच उभी असल्यासारखं वाटलं. तीच पुशरॉडची रांग, टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, बसवायची तीच पद्धत. ज्या उस्तादाने आयुष्यभर अँबेसिडर केली त्याला हे इंजिन शिकवावं लागत नाही. बडोद्यात असे हात अजून आहेत, वाडीत आहेत, प्रतापनगरला आहेत. त्यामुळे इंजिन बंद आहे म्हणून गाडी सोडू नका, आणि इंजिन गोड चालतंय म्हणून घेऊही नका. या गाडीचा भाव ठरतो खालच्या पत्र्यावर. आणि ती घ्यायची की नाही, हे त्याच्याही आधी कागदांवर ठरतं.

कागद घरी बसूनच मागवा. आरसी बुकाच्या सगळ्या पानांचे आणि इंजिनशेजारी रिव्हेट मारलेल्या चेसिस नंबरच्या पट्टीचे फोटो पाठवायला सांगा. सुरुवातीच्या जीटीचा नंबर जीएचडी३ने सुरू होतो. जी म्हणजे एमजी, एच म्हणजे इंजिन कुठल्या मापाच्या गटातलं ते, डी म्हणजे बंद टपाची कूपे. डीच्या जागी एन दिसला तर ती पट्टी उघड्या गाडीची आहे. मग समोरच्या जीटीवर ती कशी आली, याचं उत्तर मिळेपर्यंत पुढे बोलू नका. इंजिनच्या ब्लॉकवरही पट्टी असते, १९६७पर्यंतच्या जीटीवर १८जीबी अशी अक्षरं सापडतात. आरसीवरचे दोन्ही नंबर आणि गाडीवरचे दोन्ही नंबर अक्षर न् अक्षर जुळले पाहिजेत. इंग्लंडमध्ये गेडन इथल्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडे कारखान्याच्या नोंदी आहेत. चेसिस नंबर दिला की ते पैसे घेऊन हेरिटेज सर्टिफिकेट देतात. गाडी कधी बनली, रंग कोणता होता, मूळ इंजिन नंबर काय, कुठे पाठवली, हे त्यात असतं. गाडीच्या किमतीपुढे हा खर्च काहीच नाही.

दुसरा प्रश्न, ती भारतात आली कशी? ही गाडी आपल्याकडे शोरूममधून विकली गेलेली नाही. कोणी परदेशातून कायमचं परतताना आणली, कोणी वकिलातीतल्या माणसाकडून घेतली. कस्टम्सची ड्युटी भरल्याची पावती असली तर उत्तम. काही गाड्या कार्नेवर, म्हणजे परत नेण्याच्या बोलीवर आल्या आणि इथेच राहिल्या. अशा गाडीची ड्युटी कधी भरलेलीच नसते, आणि तो घोर आरसीबरोबर तुमच्या नावावर येतो. तिसरं, मालक हयात नसेल तर सगळ्या वारसांच्या सह्या हव्यात. एक मुलगा "मी बघतो सगळं" म्हणतो, तेवढ्यावर पैसे देऊ नका.

जुनी नोंदणी संपली असेल तर घाबरायचं कारण नाही. २०२१च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेल्या गाडीला विंटेज म्हणून नोंदता येतं. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंतर पुन्हा नोंदणीला ५,०००. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए येतं. पण या नोंदणीवर गाडी रोजच्या वापरात काढता येत नाही, फक्त प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कामांना चालते. शिवाय चेसिस, बॉडी किंवा इंजिन मुळातून बदललेलं चालत नाही. "यात जपानी डिझेल बसवून देतो, कायमची कटकट मिटेल" असं सांगणारा भेटला तर ही अट आठवा. दरजीपुऱ्याच्या आरटीओत जाऊन आपल्या कागदांबद्दल आधीच विचारून घ्यावं, गाडी अंगणात आल्यावर नव्हे.

आता माझी सध्याची गाडी. कारेलीबागेतल्या एका बंगल्याच्या शेडमध्ये ती होती, १९६७ची. मालकीण काकूंचे यजमान डॉक्टर, १९७२ साली इंग्लंडहून परतताना गाडी बरोबर आणलेली. मी कागद विचारले तेव्हा काकूंनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा पुढे केला. आत ड्युटीची पावती, जहाजाची बिलं, आरसी बुक, सगळं रबर लावून ठेवलेलं. आरसी मात्र अजून डॉक्टरांच्याच नावावर, आणि वारसांत दोन मुलीही.

"काकू, दोन्ही ताईंच्या सह्या लागतील हो."

"अगं, मग दिवाळीला ये. दोघी येतात तेव्हा. तोवर मी कुणाला देत नाही."

मी दिवाळीपर्यंत थांबले. मधल्या काळात दोनदा जाऊन गाडीखाली झोपून आले.

खाली काय बघायचं ते सविस्तर सांगते, कारण सगळे पैसे इथेच बुडतात. या गाडीला वेगळी चेसिस नाही. बॉडीचा पत्राच सगळा भार उचलतो, आणि त्यातही दोन्ही दारांखालून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणारी लांब पेटी. इंग्रजीत तिला सिल म्हणतात, मी उंबरठा म्हणते. बाहेरून एक पत्रा दिसतो, पण आत ती थरांची आहे: बाहेरचा पत्रा, मधला उभा पडदा, आतला पत्रा, आणि खाली जमिनीच्या कडेला किल्ल्याच्या तटासारखी खाचांची पट्टी, जिला कॅसल रेल म्हणतात. पाणी वरून शिरतं, चिखल पुढच्या चाकाकडून शिरतो, आणि पेटी आतून बाहेर सडत येते. बाहेरच्या रंगावर फुगवटा दिसायला लागला म्हणजे आत बरंच काही उरलेलं नसतं.

चादरीवर पडून आधी उंबरठ्याची खालची कड बघा. तिथे पत्र्यांचे थर एकत्र दाबून स्पॉट वेल्ड केलेली एक उभी शिवण दिसली पाहिजे, आणि वेल्डचे गोल ठिपके ओळीने. ती शिवण नसेल, तिच्या जागी गुळगुळीत सपाट पत्रा वळवून लावला असेल, तर सडक्या उंबरठ्यावर नवा पत्रा चढवलाय असं समजा. वरून कितीही सुबक दिसला तरी तो भार घेत नाही. मग टोच्याची मूठ उलटी धरून पुढून मागे ठोकत जा. चांगला पत्रा टण्ण वाजतो. पुट्टी भरलेली जागा थप्प आवाज करते, तो एकदा ऐकला की कायम ओळखू येतो. शंका येईल तिथे टोच्याचं टोक अंगठ्याने दाबा. मालकाला आधी विचारा, चांगल्या पत्र्याला याने काही होत नाही हे सांगा. जो टोचा लावूच देत नाही, त्याने उत्तर दिलेलंच असतं. शेवटी चुंबक: उंबरठ्यावर, मागच्या मडगार्डच्या चाकाभोवतीच्या कडेवर, पुढच्या मडगार्डच्या खालच्या भागावर. चिकटत नसेल तिथे खाली पत्राच नाही.

मी २०११ साली हे काहीच केलं नाही. आणंदजवळ एका दलालाने गाडी दाखवली, लाल, चकचकीत. अर्ध्या चावीत सुरू झाली. मी रॉकरचा आवाज ऐकत उभी राहिले, टॅपेट इतके नीट बसवलेले की मला बाबांची आठवण आली आणि मी तिथेच हो म्हणून बसले. दारं सुरेख बंद होत होती. घरी आणून टायर बदलायला जॅक लावला, तर जॅक वर गेला आणि गाडी जागची हलली नाही. कर्र असा आवाज, आणि जॅकचं डोकं उंबरठ्यात. उघडून बघितलं तर आत पुट्टी, आणि पुट्टीला आधार म्हणून कोंबलेल्या सिमेंटच्या पिशव्या. दोन्ही बाजू तशाच. पुढची चार वर्षं त्यात गेली. दलालाचा फोन अर्थातच पुन्हा लागला नाही.

दारं कशी बंद होत होती? याचं उत्तर मला पुढे कळलं. उघड्या एमजीबीचा उंबरठा सडला की गाडी मधोमध वाकते, दाराच्या मागची फट वरच्या बाजूला मिटते, दार घासतं. जीटीला टपाचा आधार असतो, त्यामुळे ती तितकी वाकत नाही आणि सडकेपणा झाकला जातो. फट बघाच, वरपासून खालपर्यंत सारखी हवी, पण जीटीत फट सरळ दिसली म्हणून निश्चिंत होऊ नका. परवानगी असेल तर लाकडाचा ठोकळा ठेवून जॅक पुढच्या क्रॉसमेंबरखाली (आडव्या तुळईखाली) लावा, पुढची चाकं थोडी उचला आणि दोन्ही दारं पुन्हा उघडून बंद करून बघा. आधी मोकळं असलेलं दार आता अडकत असेल तर खालचा सांगाडा हलतोय. जॅकवर असलेल्या गाडीखाली कधीही शिरायचं नाही. खाली जायचं तर घोड्या (जॅक स्टँड) लावून, किंवा चाकं जमिनीवर असतानाच.

मडगार्डचं एक सांगायचं राहिलं. पुढच्या चाकामागे मडगार्डच्या आत हात घाला, दाराच्या बाजूला. तिथे एक कप्पा आहे, त्यात चिखल साठतो आणि ओला राहतो. काकूंच्या गाडीतून मी दोन ओंजळी माती आणि कुंभारमाशीचं घर बाहेर काढलं. नंतर सीटमागची पट्टी उचला. १९७४पर्यंतच्या गाड्यांत तिथे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या दोन पेट्यांत बसायच्या. ॲसिड सांडून त्या पेट्यांचा तळ जातो. टॉर्च मारला आणि जमीन दिसली तर नवल नाही, पेट्या नव्या मिळतात. पण मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगचा पुढचा खुंटा जिथे बॉडीला धरलेला असतो, ती जागा तिथून जवळच आहे, आणि तिथला पत्रा गेला असेल तर काम मोठं आहे. दारावर छोट्या तिकोनी काचेच्या खालच्या टोकाशी बारीक उभी भेग असते, जवळजवळ प्रत्येक गाडीत. ती दुरुस्त होते, तिच्यामुळे गाडी नाकारू नका. समोरच्या काचेच्या खालचे दोन कोपरे आणि मागच्या काचदाराची खालची कड मात्र नखाने खरवडून बघा.

बडोद्यात आणखी एक तपासणी लागते, जी परदेशी पुस्तकांत ठळक दिलेली नसते. विश्वामित्री नदीचा पूर. २०१९चा ३१ जुलै आणि २०२४चा ऑगस्ट ज्यांनी इथे काढला त्यांना सांगायला नको. कारेलीबाग, सयाजीगंज, समा, नदीच्या दोन्ही अंगांना कुठेही गाडी उभी असेल तर पाणी किती आलं होतं हे विचारायचंच, आणि उत्तर काही मिळो, स्वतः शोधायचं. दाराच्या आतल्या पुठ्ठ्यावर आडवी मळकी रेघ असते, रेक्झिन धुतलं तरी पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूला राहते. सीटच्या रुळांचा गंज बघा. मागच्या दिव्याची काच दोन स्क्रू काढून उतरवा, आत गाळाची बारीक साय धरलेली असेल तर पाणी तिथवर होतं. गिअरबॉक्स आणि मागच्या ॲक्सलचं ऑइल चमचाभर काढून बघा, दुधाळ चहासारखं दिसलं तर त्यात पाणी गेलंय.

काकू म्हणाल्या होत्या की पाणी फक्त पायरीपर्यंत आलं. त्या खोटं बोलत नव्हत्या, पायरीपर्यंतच आलं होतं. पण शेड पायरीपेक्षा दीड फूट खाली होती. डाव्या उंबरठ्याच्या निचऱ्याच्या छिद्रात मी तार घातली तर करड्या गाळाचा धागा बाहेर आला, अजून दमट. मी तो कागदावर धरून काकूंना दाखवला. किमतीबद्दल मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "मग आपण बोललो त्यातून किती कमी करायचं ते तूच सांग." मी उंबरठ्याचा आणि खालच्या पत्र्याचा अंदाज लिहून दिला. त्यांनी तो जावयाला वाचून दाखवला आणि मान्य केला.

आता बॉनेट उघडा. इंजिन जाम असेल तर सेल्फने फिरवायचा हट्ट नको, रिंग तुटतील. चारही प्लग काढून प्रत्येक भोकात दोन-दोन चमचे डिझेल आणि ऑइलचं मिश्रण घाला, आठवडाभर सोडा, रोज थोडं घाला. मग चौथा गिअर टाकून गाडी मागे-पुढे हलवा. हलली तर बोअर अगदीच गेलेले नाहीत. अर्थात हे सौदा झाल्यावर किंवा मालक तयार असेल तर. सौद्याआधी रॉकर कव्हर काढून बघणं पुरतं. काळं, पातळ ऑइल चालेल. झाकणाखाली पांढरट लोणी जमलं असेल तर पाणी ऑइलमध्ये येतंय, किंवा गाडी वर्षानुवर्षं फक्त पाच मिनिटं सुरू करून बंद केली आहे.

चालू इंजिन असेल तर ऑइल प्रेशरच्या काट्यावर विश्वास ठेवा, पण गाडी पूर्ण गरम झाल्यावर. चालताना ५० पीएसआयच्या आसपास आणि आयडलला १५ ते २५ असेल तर मी खूश असते. गार गाडीत तो काटा नेहमीच छान दिसतो. एसयू कार्बोरेटरचा थ्रॉटलचा दांडा बोटाने वर-खाली हलवून बघा. खेळ जास्त असेल तर तिथून हवा खेचली जाते आणि आयडल कधीच नीट बसत नाही. लोक मग जेट बदलत बसतात. टॅपेटची फट १५ थाऊ (इंचाचे १५ हजारांश), इंजिन थंड असताना. बाबांचं फिलर गेज मी अजून वापरते, त्या पट्टीवरचा आकडा घासून गेलाय, पण तीच पट्टी आहे हे बोटाला कळतं.

१९६७च्या शेवटापर्यंतच्या गिअरबॉक्समध्ये पहिल्या गिअरला सिंक्रो (गिअर अलगद बसवणारी कडी) नव्हता, त्यामुळे चालत्या गाडीत पहिला टाकताना करकर झाली तर तो दोष नाही. दुसऱ्याला झाली तर आहे. क्लच घसरत असेल तर तो बदलायला इंजिन बाहेर काढावं लागतं, तेवढी मजुरी धरा. पुढच्या किंगपिनला (चाक ज्या खुंटावर वळतं त्याला) ग्रीस हवं असतं आणि आपल्याकडे ते कुणी मारलेलं नसतं. चाक वर उचलून वरून-खालून हलवलं की खेळ कळतो. तारांची चाकं असतील तर एकाने ब्रेक दाबायचा आणि दुसऱ्याने उचललेलं चाक पुढे-मागे फिरवायचं. कट् आवाज आला तर हबचे दाते झिजलेत, चाक आणि हब दोन्ही बदलायचे.

वायरिंगवर जास्त वेळ घालवू नका, ते नवं घालायचंच आहे. एवढंच बघा की १९६७पर्यंतच्या गाड्यांत अर्थ पॉझिटिव्ह असतो, म्हणजे बॅटरीचा प्लस बॉडीला. मधल्या कुणीतरी तो उलटा केला असेल किंवा नसेल. तपासल्याशिवाय बॅटरी जोडू नका. आतलं रेक्झिन, गालिचा, टपाचं अस्तर हे सगळं मिळतं आणि शिवून घेता येतं. त्यावर भाव ठरवू नका.

जे नाही आहे त्याची यादी मात्र नीट करा. समोरच्या काचेभोवतीच्या पट्ट्या, मागच्या दाराची काच, डॅशबोर्डचे गेज, दिव्यांच्या कड्या, कार्बोरेटरचे एअर फिल्टर. "सामान घरात आहे, नंतर देतो" हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय. सामान समोर आणा, तेव्हाच पैसे. या गाडीचं नशीब हे की सुटे भाग इंग्लंडमध्ये अजून बनतात. ब्रिटिश मोटर हेरिटेजने १९८८पासून जुन्याच साच्यांवर एमजीबीच्या अख्ख्या बॉडीसुद्धा नव्याने काढल्या. उंबरठ्याचे सगळे थर वेगवेगळे विकत मिळतात. पण जहाजाचं भाडं आणि ड्युटी धरून भाव काढा. शिवाय पत्रा आणणं सोपं, तो लावणारा हात मिळणं अवघड. माझे पत्रेवाले चाचा एक बाजू करायला तीन आठवडे घेतात आणि मी त्यांना कधी घाई करत नाही. खरेदीला जेवढे जातील त्याच्या तिप्पट पैसे आणि ठरवलेल्या वेळेच्या दुप्पट वेळ हाताशी नसेल, तर याच पैशात कोणीतरी पूर्ण केलेली गाडी घ्या. त्यात काही कमीपणा नाही. जानेवारी २०२३मध्ये लक्ष्मी विलास पॅलेसच्या हिरवळीवर विंटेज गाड्यांचा मोठा मेळावा भरला होता, तिथे तिशीतली दोन मुलं मला हेच विचारत होती. एकाने ऐकलं आणि आज तो दर रविवारी गाडी फिरवतो.

पेट्रोलचंही धरा. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, आणि साठ वर्षांपूर्वीचं रबर त्याला टिकत नाही. गाडी सुरू करण्याआधी टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सगळे होज, पंपाचा पडदा आणि फ्लोटच्या सुईचं रबर इथेनॉल सोसणारं घाला. जुन्या होजवर "एकदा सुरू करून बघू" म्हणणं म्हणजे गरम मॅनिफोल्डशेजारी पेट्रोल गळू देणं.

पानेही लागतील. हिचे नट इंचाच्या मापाचे आहेत, सात-सोळांश, अर्धा, नऊ-सोळांश. मिलिमीटरच्या मापाचा पाना "जवळजवळ बसतो" आणि नटाचे कोपरे खातो. प्रतापनगरच्या जुन्या अँबेसिडरवाल्यांकडे एएफ, म्हणजे इंचाच्या मापाच्या, पान्यांचे संच निघतात, मिळेल तेव्हा घेऊन ठेवा.

गाडी घरी आणायची ती फ्लॅटबेडवर. दोरीने ओढत आणू नका, तिच्या ब्रेकचा भरवसा नाही. आणल्यावर सगळ्यात मोठा मोह म्हणजे लगेच सगळं उकलून टाकणं. अर्धवट सोडलेल्या प्रकल्पांत मी जे बघते ते हेच, खोक्यात भरलेली गाडी आणि कुठला स्क्रू कुठला हे कुणालाच माहीत नाही. आधी प्रत्येक कोपऱ्याचे फोटो. मग एका वेळी एक भाग, त्याचे नट-बोल्ट त्याच्याच पिशवीत, पिशवीवर नाव आणि तारीख.

आणि पत्रा कापायच्या आधी गाडी चाकांवर सपाट फरशीवर उभी करा, दाराच्या फटी चारही बाजूंनी मोजून दाराच्याच काचेवर मार्करने लिहा, आणि दाराच्या चौकटीत आडवा-तिरपा पाइप वेल्ड करून तिला जागच्या जागी धरून ठेवा. दोन्ही उंबरठे एकदम कधीच कापायचे नाहीत, नाहीतर बॉडी पिळली जाते आणि पुढे काहीही केलं तरी दारं बसत नाहीत. काकूंच्या गाडीचा डावा उंबरठा गेल्या महिन्यात पुरा झाला, आतून झिंक प्रायमर आणि मेण मारून. दाराची फट वर चार मिलिमीटर, खाली चार. उजव्या चौकटीतला पाइप अजून तसाच आहे, आणि ती बाजू संपून दार टांगून पुन्हा मोजेपर्यंत चाचा त्याला ग्राइंडर लावणार नाहीत.